टोपोशीट गावात आणा



सर्वे ऑफ इंडियाचा एक इंचाला एक मैल मापाचा जुना नकाशा, ५५ पी/९, पवनीकडून उलगडून पाहा. वैनगंगेच्या बाजूने निळे तलाव. यातले कितीतरी कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. कुठल्या इंजिनिअराने नव्हे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली (बरेच झाले!), पण तलावही सरकारजमा झाले. मग गाळ काढायचा कुणी? आता ते नुसते 'मामा तलाव'.

धरणात कोणते गाव बुडणार, हे याच नकाशाच्या तपकिरी समतल रेषा सांगतात. १९८८ साली गोसीखुर्दची कोनशिला बसली, तेव्हा किती गावांनी त्या रेषा पाहिल्या होत्या?

कापूस-ज्वारीवाल्यांनो, हा धानवाल्यांचा प्रश्न म्हणून सोडू नका. आडव्या पेरणीला लागणारा बारीक उतार या नकाशात सापडत नाही, मान्य. पण कोणत्या नाल्याला कुठून पाणी येते आणि बंधारा कुठे बसतो, ते दिसते.

नकाशा गुप्त आहे, ही सबब केंद्राच्या २०२१ च्या धोरणानंतर चालणार नाही. तो मागा, ग्रामसभेत भिंतीवर लावा, सातबारा आणि निस्तार पत्रकाशी ताडून पाहा. हरवलेल्या तलावांची यादी घेऊनच जिल्हा बैठकीला या.