गोदाम हलवताना

मुंबईहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की भिवंडीच्या आसपास दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे दिसू लागतात. गाव मूळचे यंत्रमागांचे. पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्याने माल साठवायला सोयीचे पडले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. तिथल्या एखाद्या मुकादमाला विचारा. माल हलवणे अवघड नाही, हलवलेला माल पुन्हा सापडणे अवघड, असेच तो सांगेल.

मोठ्या कंपनीची वेबसाइट हेही एक गोदामच. जुन्या पद्धतीत प्रत्येक पान म्हणजे एक बांधलेला गठ्ठा असे. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक बदलला की हजार गठ्ठे सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. नव्या पद्धतीत फडताळासारखे खण असतात. पत्ता एका खणात, छायाचित्र दुसऱ्यात, सूचना तिसऱ्यात. आपण पान मागितले की ते त्याच क्षणी जुळवून समोर येते. पत्ता एकदाच बदलायचा, तो सगळीकडे बदलतो. २००१ मध्ये आलेले ‘ड्रुपल’ आणि २००३ मधले ‘वर्डप्रेस’ ही त्यातली सुपरिचित नावे. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानेही असाच एक साचा तयार केला असून देशातील अनेक जिल्ह्यांच्या वेबसाइट त्यावर उभ्या आहेत.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. मग तक्रार कसली?

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेले. विम्याच्या कागदावर दाव्याच्या अर्जाचा पत्ता छापलेला होता. मुलाने संगणकावर तो टाकला, तर ‘पान सापडत नाही’ एवढेच उत्तर. कंपनीने नुकतीच नवी, देखणी वेबसाइट केली होती. अर्ज तिथे होताही, पण दुसऱ्याच खणात. तो हाती येईपर्यंत त्या घराने कचेरीच्या तीन खेपा घातल्या, आणि तेही कोणत्या दिवसांत!

दोष फडताळाचा नव्हता. जुन्या दारावर ‘आम्ही इथे राहायला गेलो’ अशी चिठ्ठी लावायची कोणाला आठवण झाली नाही, हा दोष. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पत्ते बदलू नयेत, असा आग्रह १९९८ मध्येच एका लेखात धरला होता. ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये आपल्या विखुरलेल्या वेबसाइट एका छपराखाली आणायला घेतल्या, तेव्हा जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पानावर पोचवण्याचे काम मुद्दाम हाती घेतले. हे काम कंटाळवाणे आहे, पण अशक्य नाही.

दुसरी गोष्ट मराठीची. युनिकोड रुळण्यापूर्वी आपला बराच मजकूर ज्याच्या त्याच्या खासगी फाँटमध्ये टंकलेला असे. दिसायला देवनागरी, आत संकेत रोमन अक्षरांचे. तो तसाच नव्या खणात ओतला की अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. रूपांतर करून, माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय तो सुधारत नाही. मग कोणीतरी म्हणतो, ‘राहू द्या, इंग्रजी आहेच.’ अशा वेळी काकूंसारख्यांच्या तोंडावर दार बंद होते.

नव्या पद्धतीत मराठीचा खण इंग्रजीच्या शेजारीच ठेवता येतो. तो रिकामा असला तर चटकन दिसतोही. म्हणजे आता सबब उरलेली नाही. कंपन्यांनी स्थलांतराचा खर्च मांडताना फडताळाबरोबर मोजदादीचा, चिठ्ठ्यांचा आणि मराठी वाचणाऱ्या माणसाचाही खर्च धरावा. दूरध्वनीवर रोज लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारावे; लोक काय शोधतात, हे त्यांना ठाऊक असते.

गोदाम किती उंच बांधले, हे गिऱ्हाईक पाहत नाही. आपली वस्तू हाती आली की नाही, एवढेच ते पाहते.