बेसिक किती?

माझा भाचा २०२३ च्या पावसाळ्यात दुबईची नोकरी संपवून नागपूरला परत आला. शारजाचे विमान भल्या पहाटे उतरते, त्यामुळे ताईच्या डोळ्याला रात्रभर डोळा नव्हता. नऊ वर्षे तो तिथे एअर कंडिशनर दुरुस्त करीत होता आणि नऊ वर्षे हुडकेश्वर रोडवरच्या घराच्या सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. पोरगा आला, ग्रॅच्युइटी मिळाली की स्लॅब पडणार, असे ताई साऱ्या गल्लीला सांगून बसली होती.

चहा झाल्यावर त्याने एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "मामाजी, तुम्ही अकौंट्समधले. यांनी मला फसवलं का, तेवढं बघून सांगा." कागदावर रक्कम होती नऊ हजार दिरहम, म्हणजे सुमारे दोन लाख रुपये. त्याचा पगार होता महिन्याला तीन हजार दिरहम. नऊ वर्षे राबल्यावर म्हातारपणाची बेगमी म्हणून हातात पडला तो तीन महिन्यांचा पगार.

मी हिशेब दोनदा करून पाहिला. एका पैशाची चूक नव्हती, आणि खरी गोम तिथेच होती.

अमिरातीच्या नागरिकाला तिथे पेन्शन आहे आणि त्यासाठी मालकाला दरमहा वर्गणी भरावी लागते. बाहेरून आलेल्या कामगाराला पेन्शन नाही. त्याच्या वाट्याला नोकरी संपताना मिळणारी एकरकमी ग्रॅच्युइटी येते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचा पगार आणि पुढच्या दर वर्षाला तीस दिवसांचा. नऊ वर्षांचे झाले २२५ दिवस. पण इथे पगार म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, तर बेसिक. भाच्याच्या करारात तीन हजारांपैकी बेसिक होते बाराशे. उरलेले अठराशे घर, प्रवास, जेवण आणि 'इतर' अशा भत्त्यांत वाटून टाकलेले. बाराशेच्या हिशेबाने दिवसाचे चाळीस दिरहम, गुणिले २२५, बरोबर नऊ हजार. तेच बेसिक चोवीसशे लिहिले असते तर अठरा हजार मिळाले असते, आणि नोकरीच्या नऊ वर्षांत दरमहाच्या पगारापोटी मालकाला एक दिरहमही जास्त मोजावा लागला नसता.

भाच्याला मी एवढेच सांगितले की हिशेब बरोबर आहे. पुढचे सांगायला जीभ रेटली नाही. ते इथे लिहितो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे पगारपत्रके केली. तिथेही हाच उद्योग चालत असे, आणि तो करणारा हात माझा होता. प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी बेसिक आणि महागाई भत्त्यावर कापली जाते. कामगाराचे बारा टक्के, मालकाचे बारा टक्के, आणि मालकाच्या बारांतले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. मग बेसिक वाढू द्यायचेच नाही. पगारवाढ झाली की ती वॉशिंग अलाउन्स, कन्व्हेयन्स आणि स्पेशल अलाउन्समध्ये घालायची. (त्यात स्पेशल काय होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.) मालक म्हणायचे, "हातात तर तेवढेच पडते ना?" कामगारही खुशीने सह्या करीत, कारण कपात कमी आणि रोख जास्त. तिशीतल्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षाची काळजी कुठली!

पुढे त्यातलाच एक टर्नर निवृत्त झाला आणि पेन्शनचा कागद घेऊन माझ्या घरी आला. "बाबूजी, इतकेच?" एवढेच त्याने विचारले. ही पेन्शन काढायचे गणित सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. समजा नोकरी चौदा वर्षांची. बेसिक नऊ हजार असेल तर पेन्शन बसते अठराशे; पंधरा हजार असेल तर तीन हजार. मरेपर्यंत दरमहा बाराशे रुपयांचा हा फरक आमच्यासारखे कारकून एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात आकडा सरकवून करीत असतात. त्या दिवशी मी त्याला चहा पाजला, नियम समजावून सांगितला आणि माझा स्वतःचा हात त्यात होता हे सांगायचे टाळले.

हे ज्या गावात घडते, त्या गावाचा इतिहास वेगळा आहे. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. सक्तीचा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला तो १९५२ मध्ये. म्हणजे कायद्याच्या सहासष्ट वर्षे आधी या शहराला कामगाराचे म्हातारपण आठवले होते. असो, ती मिलही २००२ मध्ये बंद पडली.

रकान्यांच्या या खेळाला आपल्याकडे उशिरा का होईना, लगाम बसला. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो भत्ता सरसकट सर्वांना मिळतो तो प्रॉव्हिडंट फंडासाठी बेसिकचाच भाग. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

आखातातही सगळेच हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. बहारीनमध्ये मार्च २०२४ पासून परदेशी कामगाराच्या ग्रॅच्युइटीचे पैसे मालकाला दरमहा सरकारी विमा संस्थेत भरावे लागतात. पहिली तीन वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, नंतर ८.४ टक्के. माझ्या मते टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट ही की पैसा मालकाच्या तिजोरीत राहत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या गडबडीत आखातातून माणसे पगार आणि ग्रॅच्युइटी न घेताच विमानात बसली. नोकरी संपल्यावर पैसे देणारा मालकच बुडाला किंवा गायब झाला, तर कायद्याचा कागद कोणाला दाखवणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. जो निम्म्याचा नियम आपण बुटीबोरीतल्या मालकाला लावला, तो परदेशी जाणाऱ्या आपल्या माणसाच्या करारालाही लावावा. त्याला पाठवण्याची परवानगी देताना आपल्या सरकारने बेसिकचा रकाना पाहावा आणि ते निम्म्याहून कमी असेल तर करार परत पाठवावा. यावर उत्तर ठरलेले असते: अटी घातल्या तर ते दुसऱ्या देशाची माणसे घेतील. सप्टेंबर २०२० मध्ये याच भीतीपोटी आखातात जाणाऱ्यांसाठी ठरवलेले किमान वेतन आपणच खाली आणले होते. बरीच ओरड झाली आणि २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा भीती खोटी नाही हे मला मान्य आहे. पण हिंगण्यातही मालक तेच म्हणायचे; वर्गणी वाढवा म्हटले की कारखाना छत्तीसगडला हलवण्याची गोष्ट निघायची. सव्वीस वर्षांत तो हलला नाही.

परवा शेजारचा मुलगा अबुधाबीच्या नोकरीचा कागद घेऊन आला. वेल्डर आहे, हात चांगला आहे. अठ्ठावीसशे दिरहमचा आकडा त्याने पेनने अधोरेखित केला होता. मी विचारले, "बेसिक किती?" त्याने कागद उलटसुलट केला, मग माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. बेसिक हजार निघाले. वाढवून मिळेल का, असे त्याने विचारले, तर पलीकडून उत्तर आले की संध्याकाळपर्यंत सही नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल.

तो माझ्याकडे पाहत राहिला. घरात लग्नाची बहीण आहे, हे मला ठाऊक होते. मी चष्मा काढून पुसला आणि सही कुठे करायची ते त्याला दाखवले.