कामाची पाळी कोणी ठरवायची?

तळेगाव दाभाडे हे गाव उद्योगाला नवखे नाही. पैसा फंडाच्या वर्गणीतून येथे १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. पुढे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि खुद्द तळेगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. आज याच पट्ट्यात कारखान्याच्या भोंग्याशी संबंध नसलेला एक नवा कामगारवर्ग वाढत आहे. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या दुरुस्तीसाठी हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून तो घरोघर फिरतो. त्याचा मुकादम त्याच्या खिशातील मोबाइलमध्ये बसलेला असतो.

कोणते काम कोणाला, केव्हा आणि किती अंतरावर द्यायचे, हे संगणक ठरवतो असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. संगणक केवळ हिशेब करतो. कशाला किती वजन द्यायचे हे कंपनीचे व्यवस्थापन ठरवते. अंतर, कौशल्य, मोकळी वेळ, ग्राहकाची पसंती, ग्राहकाने दिलेले गुण, पूर्वी नाकारलेली कामे यांपैकी काय वर ठेवायचे, ही निवड माणसाची असते. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून सत्तेचा आहे.

यांतील काही नियम न्याय्यच आहेत. गॅस भरण्याचे शिक्षण नसलेल्याला एसीच्या कामावर पाठवणे ग्राहकाच्या आणि कारागिराच्याही जिवाशी खेळणे होय. वादाचा मुद्दा पुढेच आहे. नकाशावर जवळ दिसणारे घर रस्त्याने जवळ असतेच असे नाही. सोमाटणे फाट्यावरची किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी नकाशावरच्या सरळ रेषेत मोजली जात नाही. समजा, एका कारागिराने पाऊण तासाची तीन कामे करून ९०० रुपये मिळवले. कागदावर हा दर तासाला ४०० रुपये होतो. पण प्रवास आणि दोन कामांमधील ताटकळणे धरून त्याचे नऊ तास गेले असतील, तर खरा दर १०० रुपयेच पडतो. त्यातूनही पेट्रोल वजा करायचे. जी वस्तू फुकट मिळते तिची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. कामगाराचा प्रवास आणि प्रतीक्षा कंपनीला फुकट मिळते, तोवर ती वाचवण्याचे कारण कंपनीला उरत नाही.

नकाराचा नियम तर याहून जाचक. दूरचे काम नाकारले की गुण घटतात, गुण घटले की कामे घटतात, आणि कामे घटली की पुढचे दूरचे कामही निमूटपणे घ्यावे लागते. सायंकाळनंतर अनोळखी घरी जाण्यास नकार देणाऱ्या स्त्रीलाही हाच नियम लावला, तर तिच्या सुरक्षिततेचा दंड तिच्याच मजुरीतून वसूल होतो.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या कामगार चळवळीने पूर्वी एकदा शोधले आहे. मुंबईच्या गोदीत काम कोणाला द्यायचे हे ठेकेदार आणि मुकादमाच्या मर्जीवर असे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणी आणि मंडळाची वाट मोकळी केली. नोंदलेल्या राखीव कामगारांना पाळीपाळीने काम, आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरी भत्ता, हे तत्त्व प्रस्थापित झाले. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार आणि शासन यांच्या त्रिपक्षीय मंडळाची कल्पना हमालांपर्यंत नेली. माथाडीच्या नावाखाली चाकण परिसरात खंडणी उकळली जाते, अशा उद्योजकांच्या तक्रारी आहेत. त्या झाकून ठेवण्यात चळवळीचे हित नाही. परंतु रोग खंडणीचा आहे, मंडळाचा नव्हे.

आजचे कायदे या तत्त्वाच्या अलीकडेच थबकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद केली. कामाच्या वाटपाबद्दल मात्र ती मौन बाळगते. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने स्वयंचलित निर्णयपद्धतीची माहिती कामगाराला देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने अशा निर्णयांवर मानवी देखरेखही आवश्यक ठरवली. माथाडी कायदा करणाऱ्या राज्याने यांच्या मागे का राहावे?

कार्यकर्त्यांनी पुढे मांडावयाच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. वाटपाचे नियम लेखी, मराठीत आणि आगाऊ कळवले जावेत. अंतर रस्त्याने लागणाऱ्या वेळेवरून मोजून प्रवासाचा मोबदला मिळावा. कौशल्य आणि अंतर सारखे असेल तेथे त्या आठवड्यात ज्याला कमी काम मिळाले त्याची पाळी आधी यावी. सकारण नकाराला दंड नसावा. काम बंद करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे माणसाने ऐकावे.

यातील एकही मागणी तंत्रज्ञानाला अशक्य नाही. जो संगणक क्षणात सर्वांत जवळचा कारागीर शोधतो, त्याला सर्वांत कमी काम मिळालेला कारागीरही क्षणात सापडेल. तो शोधायचा की नाही, हे संगणक सांगणार नाही. ते सांगण्याची ताकद संघटनेत आहे, आणि घरोघर विखुरलेल्या या कामगारांना एकत्र आणण्याचे काम अजून व्हायचे आहे.