टर्बोची फुंकणी आणि धुराचा हिशेब

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने मे २०२४मध्ये ‘९११ कॅरेरा जीटीएस’ ही स्पोर्ट्‌स कार हायब्रिड रूपात सादर केली. एकूण ताकद ५४१ अश्वशक्ती. न्यूर्बुर्गरिंगच्या प्रसिद्ध ट्रॅकवर ती आधीच्या मॉडेलपेक्षा ८.७ सेकंद आधी पोहोचली. चर्चा झाली ती या आकड्यांची. आरोग्याच्या दृष्टीने मात्र या इंजिनातला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: १४.७.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले, तर धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही घातक घटकांचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. प्रमाण बिघडले की ही चाळणी पांगळी होते. चुलीत लाकडे जास्त आणि हवा कमी झाली की घर धुराने भरते, तसेच हे.

टर्बो म्हणजे या चुलीची फुंकणी. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद देते. अडचणी दोन. पहिली, पाय दाबल्यावर चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो. दुसरी, पूर्ण ताकदीवर बाहेर पडणारा वायू इतका तापतो की टर्बोची पाती टिकणे कठीण होते. यावर वर्षानुवर्षे वापरला गेलेला सोपा उपाय म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडणे. त्याने पाती थंड राहतात. पण अर्धवट जळलेले इंधन कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर येते आणि ते जाळायला कन्व्हर्टरपाशी पुरेसा प्राणवायू उरलेला नसतो.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. निरोगी माणसाला अल्प प्रमाणात तो जाणवणार नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला मात्र तेवढाही प्राणवायू महाग असतो.

पोर्शेच्या अभियंत्यांनी हा सोपा उपाय सोडून दिला. नव्या इंजिनात कोणत्याही वेगाला आणि कोणत्याही भाराखाली हवा-इंधनाचे तेच नेमके प्रमाण राखले जाते. त्यासाठी इंजिन ३ लिटरवरून ३.६ लिटर झाले. दोन टर्बोंच्या जागी एकच आला आणि त्याच्या दोन चाकांच्या मधोमध छोटी विजेची मोटर बसली. ही मोटर फुंकणीला क्षणात वेग देते. वायूचा जोर जास्त झाला की उलट फिरत्या दांड्यापासून ११ किलोवॉटपर्यंत वीज बनवते. गिअरबॉक्समध्ये आणखी एक मोटर आहे. हिशेब बोलका आहे: इंजिन २० टक्के मोठे झाले, पण त्याची स्वतःची ताकद ४८०वरून ४८५ अश्वशक्तीवरच गेली. स्वच्छ ज्वलनाची किंमत मोठ्या इंजिनाने चुकवली आणि वेगातली वाढ मुख्यतः विजेने दिली.

म्हणून ही गाडी निर्दोष ठरत नाही. हायब्रिड असूनही ती नुसत्या विजेवर चालत नाही. बॅटरी जेमतेम १.९ किलोवॉट-तासाची आहे. किलोमीटरमागे सुमारे २४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ती सोडतेच. शिवाय ब्रेक आणि टायर झिजून उडणारी सूक्ष्म धूळ धुराड्यातून येत नाही, त्यामुळे कोणताही कन्व्हर्टर ती अडवत नाही. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातली, ती याचसाठी.

मग अशा महागड्या गाडीचा सामान्य माणसाशी संबंध काय? विजेचा टर्बो शर्यतीतून आला. फॉर्म्युला वनने २०१४ ते २०२५ अशीच यंत्रणा वापरली आणि गुंतागुंत व खर्चामुळे ती सोडली. ती लगेच स्वस्त मोटारींत येणार नाही. पण स्वच्छ ज्वलनासाठी ती अपरिहार्यही नाही. उष्णता सोसणारी पाती, धुराच्या नळ्यांभोवती थंड पाणी खेळवणे, झडपांच्या उघडझापेची वेळ बदलणे असे कमी खर्चाचे मार्ग आहेत.

आपल्याकडे एक-सव्वा लिटरच्या टर्बो पेट्रोल मोटारी गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढल्या. एप्रिल २०२०पासून ‘बीएस-६’ लागू झाले आणि एप्रिल २०२३पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची धूरचाचणीही आली. हे पाऊल योग्यच. तरीही पाच माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन खंबाटकीचा घाट चढणाऱ्या छोट्या इंजिनावरचा ताण सपाट रस्त्यावरच्या चाचणीपेक्षा फार वेगळा असतो. पुढच्या नियमांनी याच क्षणाचा धूर मोजला पाहिजे. पूर्ण ताकदीवरही नेमके ज्वलन शक्य आहे, हे आता सिद्ध झाले आहे. त्यामुळे ‘तंत्रज्ञान नाही’ ही सबब उरलेली नाही. घाटात त्या मोटारीच्या मागे दुचाकीवर बसलेल्या माणसाला गाडीची अश्वशक्ती मिळत नाही. त्याच्या वाट्याला फक्त तिचा धूर येतो.