डेबियनची तेरावी आवृत्ति : जीर्णोद्धार कीं नवें घर?

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "घरांत दोन संगणक आहेत. एक मुलाच्या शाळेच्या वेळचा, दुसरा त्यानें पहिल्या पगारांतून घेतलेला. दोन्ही चालतात, पण दुकानदार म्हणतो, दोन्ही जुने झाले, भंगारांत काढा. खरेंच काढावे काय?" प्रश्न साधा दिसतो, परंतु तो आज पुष्कळ घरांतून उठत असला पाहिजे. योगायोग असा कीं, त्याच सुमारास हाच प्रश्न आमच्याही पडवींत येऊन बसला होता. म्हणून या वेळचें लेखन त्यालाच वाहिलें आहे.

या प्रश्नाचें एक निमित्त सर्वांस ठाऊक आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्या पुढील विंडोज ११ ही यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर असल्यावांचून अधिकृतपणें बसत नाहीं. त्यामुळें हातापायांनीं धड असलेलीं असंख्य यंत्रें एकाएकीं निराधार झालीं. अशा यंत्रांस आश्रय देणाऱ्या ज्या मुक्त प्रणाली आहेत, त्यांत डेबियन ही जुनी आणि विश्वासाची. तिची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झाली.

डेबियनची कुळकथा थोडक्यांत सांगतों. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं अमेरिकेंतील इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानें हा उपक्रम जाहीर केला. डेब्रा हें त्याच्या तेव्हांच्या मैत्रिणीचें नांव आणि इयन हें स्वतःचें, या दोहोंचा समास करून 'डेबियन' हा शब्द सिद्ध झाला. या प्रणालीस कोणी मालक नाहीं. जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. सप्टेंबर २०२३ मध्यें त्यांची वार्षिक परिषद आपल्या देशांत कोची येथें भरली होती. प्रत्येक आवृत्तीस 'टॉय स्टोरी' या बोलपटांतील खेळण्याचें नांव देण्याची त्यांची प्रथा आहे. बाराव्या आवृत्तीचें नांव 'बुकवर्म', म्हणजे ग्रंथकीटक. माझ्यासारख्यास तें एखाद्या उपाधीप्रमाणें शोभलें असतें! तेरावीचें नांव 'ट्रिक्सी', तीन शिंगांच्या एका खेळण्यांतल्या प्राण्याचें.

'मुक्तस्रोत' म्हणजे काय, असें कोणी विचारल्यास मी पाठशाळेची आठवण देतों. पोथी गुरूची असे, पण तिची प्रत करून घेण्यास शिष्यास मनाई नसे. प्रत करतांना चूक सांपडली तर ती दुरुस्त करावी, समासांत टीप लिहावी, आणि पुढच्यास ती प्रत द्यावी. कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें लिहिलीं, पतंजलीनें त्यांवर भाष्य केलें. मूळ सूत्रें कोणी पेटींत कुलूप लावून ठेवलीं असतीं तर हें घडतेंना. डेबियनमध्यें आज्ञावलींची मूळ संहिता अशीच सर्वांस वाचावयास मोकळी आहे.

आतां तेराव्या आवृत्तींत नवें काय तें पाहूं. तिच्या भांडारांत एकंदर ६९,८३० पॅकेजें आहेत. चौदा हजारांहून अधिक नव्यानें आलीं, आणि आठ हजारांहून अधिक कालबाह्य म्हणून काढलीं. गाभा लिनक्स ६.१२ हा आहे. लेखनाचें लिबरऑफिस २५.२ झालें, पडद्याची मांडणी करणारें नोम ४८ आणि केडीई प्लाझ्मा ६.३ झालें. पॅकेजें आणणारी 'एपीटी' ही व्यवस्था तिसऱ्या आवृत्तींत गेली; तिचें बोलणें आतां रंगीत आणि रकान्यांत येतें, त्यामुळें काय येणार आणि काय जाणार हें वृद्ध डोळ्यांसही चटकन् कळतें. तात्पुरत्या फायलींचें जें फडताळ, तें आतां तबकडीऐवजीं यंत्राच्या स्मृतींत मांडलेलें असतें, आणि तें निम्म्यापर्यंत स्मृति व्यापूं शकतें. ज्यांची स्मृति तोकडी, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. 'रिस्क-फाइव्ह' या नव्या जातीच्या चौसष्ट-बिटी प्रोसेसरांस प्रथमच अधिकृत स्थान मिळालें.

परंतु या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटला तो कालगणनेचा बदल. ज्यांनीं जुनें पंचांगगणित पाहिलें आहे त्यांस 'अहर्गण' हा शब्द ठाऊक असेल. एका ठराविक आरंभदिनापासून आजवर किती दिवस लोटले त्यांची संख्या, तो अहर्गण. संगणकही हेंच करतो. मात्र तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ही संख्या लिहिण्यास जुन्या पद्धतींत बत्तीस घरें होतीं, त्यांतील एक धन-ऋण दाखविण्यांत खर्ची पडे. उरलेल्या घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती १९ जानेवारी २०३८ रोजीं आपल्याकडील सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरेल, आणि पुढच्याच सेकंदास अशा यंत्राचें घड्याळ १९०१ सालच्या डिसेंबरांत जाऊन पडेल. नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ आरंभ धरून ग्रहलाघव रचलें, तेव्हां अहर्गण वाढून गणित अवजड होऊं नये म्हणून ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, एक चक्र कल्पिलें. संख्या वाढत जाणार, हें त्या पुरुषानें आधींच जाणलें होतें. तेराव्या डेबियननें आपली घरें बत्तिसांचीं चौसष्ट केलीं आहेत. अपवाद एकच : जुन्या ३२-बिट पीसींची 'आय-३८६' ही शाखा.

आणि येथेंच आमच्या घरचा प्रश्न उभा राहिला. या शाखेसाठीं तेराव्या आवृत्तींत अधिकृत गाभा नाहीं, प्रतिष्ठापनेचें साधनही नाहीं. जुने ३२-बिट कार्यक्रम ६४-बिट यंत्रावर चालावेत, एवढ्यापुरतीच ती ठेविली आहे. डेबियनकरांचा उपदेश स्पष्ट आहे : अशा प्रणालीवरून तेरावीवर चढूं नये; शक्य असल्यास ६४-बिट प्रणाली नव्यानें बसवावी, नाहींतर यंत्र निवृत्त करावें. 'निवृत्त' हा शब्द वाचून मला हंसूं आलें आणि थोडें लागलेंही.

आमच्याकडेही दोन यंत्रें. एक मुलानें मागें ठेवलेला लॅपटॉप. त्यावर नातीनें पूर्वींच बारावी आवृत्ति बसविली होती. दुसरें पडवींतलें जुनें ३२-बिट यंत्र. तें माझें नव्हे, माझ्या कैलासवासी पत्नीचें. आपल्या आईच्या व आजीच्या तोंडच्या सुमारें तीनशें ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, आणि बारा महिन्यांच्या सणांचा स्वयंपाक तिनें दुपारच्या वेळीं एकेक अक्षर शोधून त्यावर टंकलिखित केला. ती जाऊन चार वर्षें झालीं. पडद्यावरील चित्रांची मांडणी अजून तिनेंच ठेविलेली आहे.

सुटींत नात आली. तिनें लॅपटॉप बारावीवरून तेरावीवर नेला. रीत अशी : प्रथम सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या तबकडीवर घ्यावी. बारावी तिच्या शेवटच्या सुधारणेपर्यंत आणावी. 'बूट' म्हणून जो स्वतंत्र विभाग असतो, तो निदान ७६८ एमबीचा असून त्यांत सुमारें ३०० एमबी मोकळे आहेत कीं नाहींत तें पाहावें. बाहेरून जोडलेलीं परकीं भांडारें तात्पुरतीं बंद करावीं. मग भांडारांच्या यादींत 'बुकवर्म'च्या जागीं 'ट्रिक्सी' लिहावें, नवी सूची मागवावी, आधीं किमान सुधारणा करावी आणि नंतर पूर्ण. काम चालू असतांना वीज जाऊं देऊं नये. आमच्याकडे ती केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून बॅटरी पूर्ण भरून बसलों. अकरावीवर असलेल्यांनीं एकदम तेरावीवर उडी घेऊं नये. वाटेंत बारावीचा मुक्काम केलाच पाहिजे. आमचें काम एका दुपारींत निर्विघ्न झालें.

मग तिनें जुन्या यंत्रांतील सर्व फायली तबकडीवर उतरविल्या आणि म्हणाली, "आजोबा, आजीचें सगळें आलें. आतां हें यंत्र देऊन टाकायला हरकत नाहीं."

मी म्हणालों, "एक ओवी उघडून दाखव, मग देऊं."

तिनें फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन चिखल दिसूं लागला. दुसरी उघडली, तीच गत. पोरीचा चेहरा उतरला. मी कांहीं बोललों नाहीं. बोलण्याजोगें कांहीं नव्हतेंच.

रात्रीं उलगडा झाला. माझ्या पत्नीनें टंकलेखन केलें तें जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्यें. त्या पद्धतींत यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांचेच अंक साठविले जात, आणि फॉन्ट त्यांस देवनागरीचा वेष चढवी. आजच्या युनिकोडांत तसें नाहीं. तेथें 'क'ला स्वतःचा अंक आहे. अक्षरें हरवलीं नव्हतीं, त्यांचा वेष मात्र जुन्या यंत्रांत राहिला होता. नातीनें तेथील फॉन्टची फाईल शोधून आणली, लॅपटॉपवरील फॉन्टांच्या कोनाड्यांत ठेविली, आणि फाईल पुन्हा उघडली. पहिलीच ओवी माहेरच्या वाटेवरच्या आंब्याची निघाली. आम्ही दोघांनीं ती शेवटपर्यंत वाचली.

तें यंत्र सकाळींच भंगारवाल्याकडे गेलें असतें तर? प्रती होत्या, पण त्या वाचावयास किल्ली नव्हती. म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, घेतलेली प्रत नव्या ठिकाणीं उघडून, वाचून पाहिल्यावांचून तिला प्रत म्हणूं नये.

आतां त्या भगिनींस उत्तर. प्रथम दोन्ही यंत्रें ३२-बिट कीं ६४-बिट तें पाहा. एक सावधगिरी ठेवा : प्रोसेसर ६४-बिट असूनही त्यावर ३२-बिट प्रणाली बसविलेली असूं शकते, तेव्हां प्रोसेसरची माहिती पाहावी, प्रणालीची नव्हे. ६४-बिट असेल तर तेराव्या डेबियनची 'लाइव्ह' प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, तबकडीस हात न लावतां, यंत्र तींतून चालवून पाहा. पडदा, आवाज, वायफाय, छपाई हीं ठीक चाललीं तर प्रत घेऊन नव्यानें बसवा. प्रतिष्ठापनेची भाषा मराठीही निवडतां येते. या आवृत्तीस तीन वर्षें पूर्ण आणि त्यापुढें दोन वर्षें दीर्घकालीन, असा पांच वर्षांचा आधार आहे.

यंत्र खरोखरच ३२-बिट असेल तर त्यावर बारावीच राहूं द्या. तिचा पूर्ण आधार १० जून २०२६ पर्यंतचा आणि दीर्घकालीन आधार ३० जून २०२८ पर्यंतचा. ही मुदत निवांतपणें सामान हलविण्यासाठीं आहे, असें समजावें. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करूं नयेत.

आमचें जुनें यंत्र मीं जाळ्यापासून तोडून पडवींतच ठेविलें आहे. सध्यां एकेक ओवी युनिकोडमध्यें आणतों आहें. रूपांतराचें साधन आहे, पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकावी लागे, युनिकोडांत ती नंतर येते. त्यामुळें जोडाक्षराजवळ ती हटकून भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. म्हणून प्रत्येक ओळ पत्नीच्या हस्तलिखित वहीशीं ताडून पाहतों. आजवर एकशें चाळीस झाल्या. दिवसाला तीन होतात. घाई नाहीं, २०३८ पुष्कळ दूर आहे.

ज्यांच्या घरीं असें जुन्या फॉन्टांतील लेखन असेल, त्यांनीं तें आजच एकदां उघडून पाहावें. कांहीं अडल्यास पत्र लिहावें. यंत्राचें साल आणि बिट हीं मात्र आठवणीनें कळवावीं. नात पुढच्या सुटींत येणार आहे, तोंवर मला सुचेल तें उत्तर मी देईन.