कुलूपबंद घरे आणि आपण

वेल्श शासनाने एप्रिल 2023 पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर 300 टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स बसविण्याची मुभा दिली, तेव्हा मालमत्तेच्या हक्कावर घाला आल्याची ओरड झाली. कार्डिफमधील आपल्या काही सुस्थित बांधवांनीही त्या ओरडीत सूर मिसळला. आम्हास खेद झाला. आश्चर्य वाटले नाही.

उत्तरेकडील ल्हीन द्वीपकल्पावरचे अबरसोख पाहा. उन्हाळ्यात गजबजलेले हे गाव हिवाळ्यात काळोख्या खिडक्यांची रांग होते. तेथील प्राथमिक शाळा डिसेंबर 2021 मध्ये बंद झाली. पटावर पुरेशी मुलेच उरली नव्हती. शाळा गेली की वेल्श भाषेचे एक अंगणही जाते. पाहुण्यांच्या चादरी बदलणाऱ्या बाईला त्याच गावात घर घेणे परवडत नाही. 1979 पासून अशा घरांना आगी लावण्याचे सत्र वेल्समध्ये अनेक वर्षे चालले. तो मार्ग आम्हास त्याज्य आहे. परंतु त्यामागील संतापाचे कारण त्याज्य ठरत नाही.

पर्यटनाने रोजगार मिळतो, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. हॉटेल वर्षभर माणसे पोसते. वर्षातून चार आठवडे उघडणारे घर कोणाला पोसते? लोणावळ्याच्या बंगल्याबाहेर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या रखवालदाराला विचारा.

कोणी म्हणेल, आंबेडकरवाद्यांनी गावासाठी अश्रू का ढाळावेत? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेची लक्तरे काढली होती. खरे आहे. गावाचे गोडवे आम्ही गाणार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की राबणाऱ्याला राबण्याच्या जागी छप्पर मिळणार की नाही? तो प्रश्न आपल्याला परका नाही. 1917 साली बडोद्यात, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना जातीपायी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. लंडनमध्ये 10, किंग हेन्रीज रोड येथे ते राहिले ते भाडेकरू म्हणून. (महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ती वास्तू घेतली, पुढे राहती जागा कमी होते म्हणून कॅम्डेन परिषदेने हरकत घेतली होती; 2020 मध्ये स्मारकास मंजुरी मिळाली. आपणांस ती हरकत झोंबली, पण तिच्यामागचे तत्त्व खोटे नव्हते. स्मारकाचे दार निदान लोकांसाठी उघडे आहे.)

आता स्वतःकडे वळू. 2011 च्या जनगणनेत भारताच्या शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. 2012 मध्ये शासनाच्याच तज्ज्ञ गटाने शहरी घरांची तूट जवळजवळ 1 कोटी 88 लाख असल्याचे सांगितले. पौंडांच्या बळावर पुण्या-नागपुरात घेतलेले आपले फ्लॅट कोणत्या रकान्यात बसतात? त्याच शहरांत शिकायला आलेल्या आपल्या मुलाला घरमालक आडनाव विचारतो आणि जागा दिली गेल्याचे सांगतो. आपला फ्लॅट त्याच गल्लीत कुलूपबंद असतो, भाव वाढण्याची वाट पाहत.

आमची मागणी साधी आहे. ज्या सभासदांचे असे फ्लॅट आहेत, त्यांनी त्यांची नावे संस्थेकडे नोंदवावीत आणि ते वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना माफक भाड्याने द्यावेत. करार लिहून देण्यास आपल्यातील वकील समर्थ आहेत. येत्या 14 एप्रिलच्या सभेत यादी मांडली जावी, आणि पहिली नावे कार्यकारिणीच्या सदस्यांची असावीत.