पगार किती मिळेल?

बारावीचा निकाल लागला, की तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या गावांत दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. मेट्टूर धरणाचे पाणी प्रघाताप्रमाणे 12 जूनला सुटणार की लांबणार, यावर कुरुवै भाताची लावणी अवलंबून असते. आणि मुलाला किंवा मुलीला कोणत्या शाखेत घालावे, यावर घराची पुढील दहा वर्षे. पहिल्या हिशेबात तेथील शेतकरी निष्णात आहे. बियाणे, मजुरी, खत, कापणीयंत्राचे भाडे हे सर्व त्याला तोंडपाठ असते. सरकारी खरेदी केंद्रावर भातातील ओलावा 17 टक्क्यांहून अधिक भरला तर काय होते, हेही तो जाणतो. दुसऱ्या हिशेबात मात्र तो एकच प्रश्न विचारतो : शिक्षण संपल्यावर पगार किती मिळेल?

हा प्रश्न क्षुद्र आहे, असे मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ज्ञानाला पैशांत मोजू नये, असे सांगणारे बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला निर्धास्त असतात. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. जमीन गहाण ठेवून वा दागिने मोडून शुल्क भरणाऱ्या घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. माझी तक्रार एवढीच, की तो अर्धाच विचारला जातो.

पैशाची पर्वा न करणारा विद्वान म्हणून श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते याच प्रदेशातील कुंभकोणम येथे वाढले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. 1904 मध्ये रामानुजन तेथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह दाखल झाले. पण गणितापुढे त्यांनी इतर विषयांकडे दुर्लक्ष केले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासलाही परीक्षा हुकली. परीक्षेचा शिक्का नाही म्हणून नोकरी नाही, अशी काही वर्षे गेल्यावर मार्च 1912 मध्ये ते मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा 30 रुपयांवर कारकून झाले. जानेवारी 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा आरंभीच आपला पगार वर्षाला अवघे वीस पौंड असल्याचे नमूद केले. पुढच्या पत्रात तर आपण अर्धपोटी आहोत आणि मेंदू शाबूत राखण्यासाठी अन्न हवे, असे त्यांनी स्पष्टच कळविले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि गणितासाठी दिवस मोकळा झाला. पोटाचा प्रश्न त्या थोर गणितज्ञालाही टाळता आला नाही. मग तो गावातल्या मुलाने टाळावा, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आता प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळू. महाविद्यालयाच्या जाहिरातीत सरासरी पगार छापलेला असतो. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला 3 लाख रुपये मिळाले आणि एकाला 33 लाख. सरासरी निघते 6 लाख. दहांतील एकालाही 6 लाख मिळालेले नाहीत, तरी जाहिरात खोटी ठरत नाही. येथे सरासरी नव्हे, मध्यक विचारला पाहिजे, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणारी रक्कम. या उदाहरणात ती 3 लाख आहे.

शिवाय सांगितलेला आकडा हातात पडत नाही. वर्षाला 3 लाख 60 हजार म्हणजे महिन्याला 30 हजार, असे घरचे लोक धरून चालतात. परंतु या रकमेत कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी आणि पुढे कधीतरी मिळणारे उपदानही बहुधा मोजलेले असते. मूळ वेतन 15 हजार धरले, तर निधीचा कंपनीचा 1,800 रुपयांचा वाटा, कर्मचाऱ्याचा तितकाच वाटा आणि उपदानाचे सुमारे 700 रुपये वजा जाता हाती 25 हजारांच्या आसपास उरतात. निधीचे पैसे बुडत नाहीत हे खरे. पण त्यांतून चेन्नईतील खोलीचे भाडे देता येत नाही. 4 लाखांचे शैक्षणिक कर्ज 10 टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे 6,600 रुपये हप्ता बसतो. भाताचा ओलावा जाणणाऱ्या शेतकऱ्याने पगाराचा ओलावा का मोजू नये?

शाखेशाखेतील फरक खरा आहे, पण तो स्थिर नाही. तमिळनाडूत एके काळी पाचशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालये झाली. संगणकाची पदवी म्हणजे खात्रीचा पगार, ही समजूत त्यामागे होती. मात्र मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नवोदितांचा पगार वर्षाला तीन-चार लाखांच्या आसपास अनेक वर्षे घुटमळत राहिला. महागाई थांबली नाही. कृषी पदवीधरांतील अनेकांची नजर शेताकडे नसून बँकेतील कृषी अधिकाऱ्याच्या जागेकडे असते, यात मला काही गैर दिसत नाही. कलाशाखेचे पदवीधर सरकारी भरतीची वाट पाहतात. तमिळनाडू लोकसेवा आयोगाच्या चौथ्या गटाच्या परीक्षेस दहावीची पात्रता पुरते. 2024 मध्ये सहा हजारांवर जागांसाठी सुमारे वीस लाख अर्ज आले, आणि त्यांत पदवीधरांची गर्दी होती. अशा उमेदवारीत गेलेल्या वर्षांचा पगार कोणत्याच कोष्टकात शून्य म्हणून लिहिला जात नाही.

विद्येचा बाजारभाव कसा पालटतो, हे तंजावरइतके कोणी पाहिले नसेल. व्यंकोजीराजांपासून जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे येथे मराठी राजवट होती. दरबारी मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला मान होता. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांच्या राशी त्याची साक्ष देतात. 1855 मध्ये संस्थान खालसा झाले. जेथे रामानुजन पुढे शिकले, त्या कुंभकोणमच्या महाविद्यालयाचे मूळ असलेली शाळा 1854 मध्ये निघाली होती. एकाच पिढीत मोडीच्या वळणदार अक्षराचे मोल उतरले आणि इंग्रजीचे चढले. त्या कारकुनांनी आळस केला होता, असे कोण म्हणेल?

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण कामधंदा सांभाळून शिकत आहात. मजुरी ठरलेली किती आणि हाती आलेली किती, यातील अंतर तुम्हाला पुस्तकाने शिकवावे लागत नाही. तेच डोळे मुलाच्या प्रवेशाच्या वेळी वापरा. किती जण उत्तीर्ण झाले, त्यांतील किती जणांना नोकरी लागली, वर्षभरानंतर किती जण तेथे टिकले, हे विचारा. राष्ट्रीय मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांची संख्या आणि त्यांच्या पगाराचा मध्यक कळवावा लागतो. ही माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर असते. त्यात नोकरी न लागलेले धरलेले नसतात, एवढे ध्यानात ठेवावे. तीही बहुधा इंग्रजीत आणि शोधूनच सापडेल अशा ठिकाणी असते. माझे मत असे, की हे चार आकडे तंजावरला तमिळमध्ये व आपल्याकडे मराठीत, शुल्क भरण्याच्या खिडकीशेजारी, पावती फाडण्याआधी वाचता येतील असे भिंतीवर लावण्याची सक्ती सरकारने करावी.